गोळी : गोल की लांबट?

'गोळी' या शब्दाकडे एकदा नीट पाहा. औषधाची गोळी, लिमलेटची गोळी, डांबराची गोळी, सगळ्या गोल किंवा गोलसर. पण बंदुकीच्या गोळीचे चित्र काढायला सांगितले, तर तुमच्यापैकी बहुतेक जण लांबट आणि पुढे निमुळती होत गेलेली आकृती काढतील. मग तिला गोळी का म्हणायचे? कारण सुमारे पावणेदोनशे वर्षांपूर्वीपर्यंत बंदुकीची गोळी खरोखरच गोल असे. शिशाची गोटीच म्हणा ना!

ही गोटी अजून पुरती हद्दपार झालेली नाही. ठासणीची बंदूक तुम्ही वस्तुसंग्रहालयात पाहिली असेल. कोकणात किंवा गोव्यात पिकांच्या राखणीसाठी परवाना काढून ठेवलेली एखादी पाहिलीही असेल. हिला काडतूस लागत नाही. नळीच्या तोंडातून आधी दारू ओतायची, मग गोळी घालायची आणि लांब गजाने दोन्ही तळाशी ठासून बसवायची. अमेरिकेत अशा बंदुका आजही नव्याने तयार होतात आणि त्यांचा मुख्य उपयोग म्हणजे हरणाची शिकार.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने चितळ, सांबर, काळवीट यांच्या शिकारीला बंदी आहे आणि ती योग्यच आहे. अमेरिकेतील परिस्थिती निराळी. तेथे बहुतेक भागांतून लांडगे आणि प्यूमा नाहीसे झाले आणि पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या अफाट वाढली. म्हणून तेथील राज्ये परवाने देऊन, ठरलेल्या हंगामात शिकार करू देतात. अनेक राज्यांत ठासणीच्या बंदुकीसाठी वेगळा हंगाम असतो. पेनसिल्व्हेनिया राज्याने तर १९७४ मध्ये केवळ गारगोटीच्या ठिणगीवर पेटणाऱ्या बंदुकांसाठी असा हंगाम सुरू केला.

या बंदुकीची अडचण तुमच्या लक्षात आलीच असेल. एक बार उडाला की दुसरा भरायला अर्धा मिनिट तरी जातो, आणि हरिण काही अर्धा मिनिट उभे राहत नाही. म्हणजे शिकाऱ्याला एकच संधी. ती गोळी नीट लागली तर हरिण काही क्षणांत कोसळते. भलतीकडे लागली, किंवा लागूनही पुरेशी आत गेली नाही, तर जखमी जनावर रानात पळते आणि तासन् तास तळमळत मरते. म्हणून कोणती गोळी निवडावी, हा प्रश्न तेथील शिकारी गंभीरपणे विचारतात. त्याचे उत्तर मात्र भूमितीत आणि भौतिकशास्त्रात आहे.

गोटीचे गणित

प्रथम साधी गोल गोळी घेऊ. अमेरिकेत फार चालणाऱ्या एका मापाच्या बंदुकीत नळीचा आतला व्यास अर्धा इंच, म्हणजे १२.७ मि.मी. असतो. तिच्यात १२.४५ मि.मी. व्यासाची गोटी घालतात. ती थोडी लहान असते, कारण तिच्याभोवती तेल-चरबी लावलेल्या सुती कापडाची चकती गुंडाळायची असते. आता गोलाच्या घनफळाचे सूत्र आठवा आणि शिशाची घनता (दर घन सें.मी.ला ११.३४ ग्रॅम) घेऊन वजन काढा. उत्तर सुमारे साडेअकरा ग्रॅम येईल.

आता दोन बंदुकांची तुलना करा. एकीत ११.१८ मि.मी. व्यासाची गोटी बसते, दुसरीत १३.४६ मि.मी.ची. हातात घेतल्या तर दोन्ही सारख्याच वाटतील, कारण व्यासातला फरक जेमतेम वीस टक्के आहे. वजने मात्र ८.३ ग्रॅम आणि १४.५ ग्रॅम, म्हणजे जवळजवळ पाऊणपट जास्त! व्यास १.२ पट झाला की घनफळ १.२ च्या घनाइतके पट होते, त्याचा हा परिणाम. गोल गोळीची गोम हीच आहे. व्यास ठरला की वजनही ठरून गेले. जड गोळी हवी असेल तर नळीच मोठी हवी.

जाता जाता एक गंमत. 'बारा बोअरची बंदूक' हे शब्द तुम्ही ऐकले असतील. त्यातील बारा म्हणजे मिलिमीटर नव्हेत की इंचही नव्हेत. एक पौंड शिशाच्या बारा सारख्या गोट्या केल्या, तर त्यांतील एक गोटी ज्या नळीत बरोबर बसेल, ती बारा बोअर. एक पौंड म्हणजे ४५३.६ ग्रॅम. नळीचा व्यास तुम्हीच काढून पाहा. साडेअठरा मि.मी.च्या आसपास उत्तर आले, तर गणित बरोबर.

हवा किती आडवी येते?

बंदुकीच्या गोळीचा वेग मोजायचा कसा? आज विजेच्या उपकरणांनी तो सहज मोजता येतो. पण अठराव्या शतकात बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने एक नामी युक्ती काढली. एक जड लाकडी ठोकळा लंबकासारखा टांगायचा आणि त्यावर गोळी झाडायची. गोळी आत रुतते आणि ठोकळा झोका घेतो. झोक्यावरून ठोकळ्याचा वेग कळतो, आणि संवेग अक्षय्य राहतो या नियमावरून गोळीचा. समजा, १२ ग्रॅमची गोळी ५०० मीटर/सेकंद वेगाने १२ किलोग्रॅमच्या ठोकळ्यात शिरली. ठोकळ्याला सेकंदाला अर्धा मीटर वेग मिळेल आणि तो सव्वा सें.मी. वर उचलला जाईल. एवढे तर पट्टीनेही मोजता येते!

रॉबिन्सचे पुस्तक १७४२ मध्ये प्रसिद्ध झाले. ठोकळा जवळ आणि लांब ठेवून त्याने वेग मोजले, तेव्हा दिसले की हवा गोळीला जो अडथळा करते तो तज्ज्ञांच्या समजुतीपेक्षा कितीतरी मोठा आहे. तोवर पुष्कळ जण तोफगोळ्याचा मार्ग शुद्ध अन्वस्त मानून गणिते करीत. थोर गणिती ऑयलर यांना हे पुस्तक इतके मोलाचे वाटले, की १७४५ मध्ये त्यांनी स्वतः त्याचे जर्मन भाषांतर केले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत तिचे किल्ले सुधारायला भारतात आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या सेंट डेव्हिड किल्ल्यात वारला.

आपली साडेअकरा ग्रॅमची गोटी नळीतून सेकंदाला ५५० मीटर वेगाने सुटली असे धरा. हा वेग ध्वनीच्या वेगाच्या दीडपटीहून जास्त आहे. नव्वद मीटरवर पोहोचेपर्यंत तो ३३० मीटरच्या आसपास उतरतो. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असते, म्हणून सुरुवातीची सुमारे १७३० जूल ऊर्जा नव्वद मीटरवर ६२० जूलवर येते. जवळजवळ दोन तृतीयांश ऊर्जा हवेनेच खाल्ली, आणि तीही सेकंदाच्या पाव भागापेक्षा कमी काळात.

असे का होते? हवेचा अडथळा गोळीच्या पुढच्या बाजूच्या क्षेत्रफळावर आणि आकारावर अवलंबून असतो. अडथळ्याला न जुमानता पुढे जाण्याची ताकद, म्हणजे जडत्व, हे मात्र वस्तुमानावर. क्षेत्रफळ तेवढेच ठेवून वस्तुमान वाढवता आले तर? गोटीला तसे करता येत नाही, हे आपण पाहिलेच. लांबट गोळीला येते. तीच नळी, तेच क्षेत्रफळ, पण मागे शिशाची लांब शेपटी. सुमारे दोन सें.मी. लांबीची अशी गोळी २५ ग्रॅमची होते. ती जड असल्यामुळे सुटताना थोडी मंद, सेकंदाला ४३० मीटरच्या आसपास. पण नव्वद मीटरवर तिचा वेग ३४० मीटर असतो. म्हणजे हळू निघालेली गोळी तोवर वेगवान गोटीला मागे टाकते! तिची ऊर्जा तेथे १४४० जूलच्या आसपास भरते, गोटीच्या दुपटीहून अधिक.

भोवरा आणि पेन्सिल

मग आपल्या पूर्वजांनी पहिल्यापासूनच लांबट गोळी का केली नाही? याचे उत्तर एका पेन्सिलीत आहे. मोकळ्या मैदानात पेन्सिल टोक पुढे करून जोरात फेका. दोन-चार हात गेली की ती आडवी-उभी कोलांट्या खाऊ लागेल. लांबट गोळीचेही तेच होते, आणि आडवी झालेली गोळी ना दूर जाते, ना नेमकी लागते. चेंडूला मात्र आडवे होण्याची भीतीच नाही. तो कसाही फिरला तरी गोलच.

फिरणारा भोवरा आरेवर उभा राहतो आणि थांबला की आडवा पडतो, हे तुम्हांला ठाऊक आहे. लांबट गोळीलाही उडता उडता भोवऱ्यासारखे फिरवले, तर ती तोंड पुढे ठेवून जाईल. त्यासाठी नळीच्या आत स्क्रूच्या आट्यांसारखे मळसूत्री चर कोरतात. गोळी त्यांत घट्ट धरली गेली की बाहेर पडताना फिरतच पडते.

मात्र असे चर गोल गोळीच्या जमान्यातही होते. गोटी आडवी होत नाही, मग तिला फिरवायचे कशाला? याचेही उत्तर रॉबिन्सनेच दिले. गुळगुळीत नळीतून जाताना गोटी कधी या बाजूला घासते, कधी त्या बाजूला. त्यामुळे ती वाटेल तशी फिरत बाहेर पडते. फिरणारा चेंडू हवेत वळतो, हे फुटबॉल किंवा टेबल टेनिस खेळणाऱ्यांना सांगायला नको. कोणत्या बाजूला फिरणार हे ठरलेले नसेल, तर कोठे वळणार हेही ठरलेले नाही. हे दाखवण्यासाठी रॉबिन्सने बंदुकीची नळीच डावीकडे वाकवली. गोळी निघाली डावीकडे, पण पुढे वळली उजवीकडे! चरांनी दिलेले फिरणे गोळीच्या प्रवासाच्या दिशेभोवतीच असते, म्हणून ती अशी भरकटत नाही.

पण किती फिरवायचे? गोटीला थोडे पुरे. तिच्यासाठी केलेल्या नळीत चर साधारण १६०-१७० सें.मी. लांबीत एक वळसा घेतात. लांबट गोळीच्या आधुनिक नळीत मात्र ७१ सें.मी.लाच एक वळसा असतो. वेगाला या लांबीने भागा. आपली २५ ग्रॅमची गोळी सेकंदाला सहाशे फेऱ्या मारत सुटते, मिनिटाला छत्तीस हजार! १८७९ मध्ये वुलिच येथील गणिताचे प्राध्यापक ग्रीनहिल यांनी यासाठी एक सोपे सूत्र दिले. गोळीची लांबी तिच्या व्यासाच्या किती पट आहे ते पाहा, १५० ला त्या संख्येने भागा, आणि आलेल्या संख्येइतक्या व्यासांच्या अंतरात एक वळसा द्या. लांबी दुप्पट असेल तर ७५ व्यास, तिप्पट असेल तर ५० व्यास. गोळी जितकी लांब, तितका चर जास्त पिळलेला. हे सूत्र लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

तेव्हा नुसती जड गोळी विकत आणून भागत नाही. जुन्या, कमी पिळाच्या नळीत लांब गोळी घातली तर ती डगमगते. उलट जास्त पिळाच्या नळीत कापडात गुंडाळलेली गोटी वेगाने सोडली, तर ती चरांना धरून न राहता त्यांवरून घसरून जाऊ शकते. बंदूक आधी, गोळी नंतर, असा हा क्रम आहे.

मिनिए यांची युक्ती

ठासणीच्या बंदुकीत आणखी एक कोडे आहे. गोळी चरांत घट्ट बसायला हवी, आणि तोंडातून आत ढकलता येण्यासाठी सैलही हवी. कापडाची चकती हा गोटीपुरता तोडगा झाला. पण काळी दारू जळाली की तिच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग घनरूप राखेच्या रूपात उरतो. दोन-चार बारांनंतर नळीत काजळीचा थर बसतो आणि गोळी अडू लागते.

१८४९ मध्ये क्लोद-एत्येन मिनिए या फ्रेंच लष्करी अधिकाऱ्याने लांबट गोळीला मागून पोकळ केले, बाटलीच्या बुडासारखे. व्यासाने ती थोडी लहान, त्यामुळे नळीत सहज उतरे. दारू पेटली की वायूचा दाब त्या पोकळीत शिरून शिशाचा घेर फुगवी आणि तो चरांत घट्ट बसे. आत जाताना सैल, बाहेर येताना घट्ट! यासाठी शिसे शुद्ध आणि मऊ हवे. त्यात अँटिमनी किंवा कथिल मिसळले तर ते कडक होते आणि नीट फुगत नाही.

मागून पोकळ असलेल्या याच जातीची गोळी इंग्रजांच्या १८५३ च्या एनफील्ड बंदुकीत होती. गोळीभोवतीचा कागद नळीतून सहज सरकावा म्हणून त्याला चरबी लावलेली असे. ती गाईची आणि डुकराची आहे ही बातमी छावण्यांतून पसरली आणि पुढे १८५७ मध्ये काय घडले, ते तुम्ही इतिहासात वाचले आहे. त्या उठावाची कारणे पुष्कळ होती. पण चरबी मुळात तेथे कशाला आली, हे इतिहासाच्या पुस्तकात सहसा सापडत नाही.

आता हरणापुढे उभे राहू

वरच्या आकड्यांवरून लांबट गोळीच सरस, असे तुम्ही म्हणाल. थोडे थांबा. नव्वद मीटर जाताना गोटी सुमारे २३ सें.मी. खाली येते. लांबट गोळी सुरुवातीला मंद असल्यामुळे सुमारे २८ सें.मी. येते. तिचा धक्काही खांद्याला मोठा बसतो, कारण तिचा संवेग गोटीच्या पावणेदोनपट आहे. धक्क्याला घाबरून ज्याचा हात हलतो, त्याच्या हाती ही गोळी काय कामाची?

उलट बाजूने वारा सुटला की पारडे फिरते. ताशी अठरा किलोमीटरची आडवी झुळूक असेल, तर नव्वद मीटरवर गोटी सुमारे २६ सें.मी. बाजूला सरते. लांबट गोळी त्याच्या निम्मी. हरणाच्या छातीत हृदय आणि फुप्फुसे मिळून जो भाग येतो, तो जेमतेम वीस सें.मी. व्यासाचा. हिशेब तुम्हीच करा. जखमी होऊन पळालेली कितीतरी हरणे या काही सेंटिमीटरांनी पळालेली असतात.

आणि जूलच्या आकड्यांना फार भुलू नका. जाहिरातींत ते मोठ्या अक्षरांत छापतात खरे, पण हरणाचा प्राण जातो तो हृदय-फुप्फुसांतून आरपार भोक पडून रक्त वाहिल्याने. गोटी अंगाने जाड असते आणि मऊ शिसे लागताच पसरते. पन्नास-साठ मीटरवरून ती हे काम चोख करते, दोनशे वर्षांपूर्वी करीत होती तशीच. म्हणून गोटी वापरणारा जाणता शिकारी लांबून बार टाकतच नाही. मला तर वाटते, गोळी निवडणे म्हणजे खरे पाहता अंतर निवडणे आहे.

आजकाल तिसराही एक प्रकार चालतो. लहान व्यासाची, आधुनिक पिस्तुलासारखी गोळी प्लॅस्टिकच्या कपात बसवून नळीत घालतात. कप चरांना धरतो, गोळीला फिरवतो आणि नळीबाहेर पडताच गळून पडतो. त्याला 'सॅबो' म्हणतात. फ्रेंच भाषेत याचा अर्थ लाकडी पादत्राण, म्हणजे आपल्या खडावांचे भावंड. कोलोरॅडो राज्यात ठासणीच्या हंगामात त्याला बंदी आहे, कारण मग जुन्या पद्धतीच्या हंगामाला अर्थ तो काय राहिला?

शिशाचे विष

आतापर्यंत आपण शिसे गृहीतच धरले होते. जड, मऊ, स्वस्त आणि अवघ्या ३२७ अंश सेल्सिअसला वितळणारे, यापेक्षा सोयीचा धातू कोणता? पण शिसे विषारी आहे. (गोट्या ओतण्याचा प्रयोग घरी मुळीच करू नका.) शिकारी हरणाची आतडी काढून रानातच टाकतो. तेथे गरुड येतात, कावळे येतात. गोळीचे बारीक कण मांसाबरोबर पोटात जातात आणि पक्ष्याच्या जठरातील तीव्र आम्लात विरघळून रक्तात मिसळतात. ठासणीच्या बंदुकीच्या मंद, जड गोळीचे तुकडे आधुनिक वेगवान रायफलच्या गोळीपेक्षा बरेच कमी होतात. पण अजिबात होत नाहीत असे नाही.

कॅलिफोर्नियाचा कॉन्डॉर हे गिधाडांसारखेच मेलेल्या प्राण्यांवर जगणारे प्रचंड पाखरू. १९८२ मध्ये असे फक्त २२ पक्षी जगात उरले होते. १९८७ मध्ये उरलेसुरले सगळे पकडून पिंजऱ्यात वाढवले आणि १९९२ पासून पुन्हा रानात सोडले. सोडलेल्या पक्ष्यांच्या मृत्यूचे सर्वांत मोठे कारण ठरले शिशाची विषबाधा. अमेरिकेच्या ३८ राज्यांतील १२१० गरुडांची तपासणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत जवळजवळ निम्म्या पक्ष्यांच्या हाडांत दीर्घकाळच्या विषबाधेच्या खुणा सापडल्या. आपल्याकडे जनावरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या औषधाने गिधाडांचे काय झाले ते तुम्हांला माहीत असेल. वाट तीच, मेलेल्या जनावरातून पक्ष्याच्या पोटात. कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून वन्यप्राण्यांच्या शिकारीत शिशाच्या गोळीला पूर्ण बंदी घातली.

मग तांबे घ्यावे? तांब्याची घनता ८.९६, म्हणजे तेवढ्याच वजनाची आणि तेवढ्याच जाडीची गोळी सव्वापट लांब होणार. आता ग्रीनहिल यांचे सूत्र आठवा. लांब गोळीला जास्त पिळाचा चर हवा. शिवाय तांबे कडक, मिनिए यांच्या गोळीसारखे फुगणार नाही. म्हणून ते प्लॅस्टिकच्या कपात बसवून, जास्त पिळाच्या नव्या बंदुकीतूनच उडवतात. तेथे ते उत्तम चालते. टोकाकडून पाकळ्यांसारखे उमलते आणि सहसा तुकडे न होता अखंड राहते.

ज्याच्याकडे आजोबांची कमी पिळाची जुनी बंदूक आहे, त्याने काय करायचे? त्याला गोटीच हवी. बिस्मथ या धातूची घनता ९.७८ आहे, तो शिशाइतका विषारी नाही आणि २७१ अंशांना वितळतो. मात्र तो ठिसूळ आहे, म्हणून त्याच्या मिश्रधातूच्या गोट्या करतात. आपली साडेअकरा ग्रॅमची गोटी निव्वळ बिस्मथची केली, तर ती ९.९ ग्रॅमची भरेल. क्षेत्रफळ तेवढेच, वस्तुमान सुमारे चौदा टक्के कमी. हवा तिला शिशाच्या गोटीपेक्षा लवकर थोपवणार, हे सांगायला आता तुम्हांला रॉबिन्सच्या लंबकाची गरज नाही. शिशाची गोटी वापरताना शिकारी ऐंशी मीटरवर थांबत असेल, तर ही वापरताना त्याला हरणाच्या आणखी जवळ जावे लागेल.